वठलेल्या झाडावरचा तिरंदाज

२ फेब्रुवारी

ही वही लेकीने दिली. तिच्या ऑफिसात वर्षाच्या सुरुवातीला वाटतात म्हणे, उरली ती आईला. म्हणाली, "आई, तुझी रोजची कटकट यात लिहीत जा. मला फोनवर अर्धा तास ऐकवतेस ना, तेवढा वेळ वहीला दे." घ्या! पोटची पोर ही. बरं, लिहिते. वही निदान "मीटिंग आहे" म्हणून फोन तरी ठेवणार नाही.

पहिल्या पानावर 'माझी माहिती' असं छापलंय. तर माहिती अशी. वय पंचावन्न. काम शिवणाचं. नवरा नावाडी. आमच्या घरामागे रस्ता संपतो आणि पाणथळ सुरू होतं. कोसभर गोडं पाणी, लव्हाळी, कमळं आणि चिखल. लांबून लोक येतात आणि हे त्यांना होडीतून पक्षी, मगरी, पाणमांजरं दाखवतात. आत इंजिनाला बंदी आहे, लांब बांबू चिखलात रोवून होडी रेटायची. एकतीस वर्षं हे तेच करतायत. होडीचा नंबर सात.

आता कटकट. मला लांबचं मैलभर दिसतं, जवळचं मात्र दिसत नाही. त्यामुळे गेली दहा वर्षं हे सकाळच्या फेऱ्या करून आले की जेवणाआधी माझ्या चार-पाच सुया ओवून टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवतात. ह्यांची नजर म्हणजे ससाण्याची. आज सुई पुढे केली तर म्हणाले, "तुझं तू बघ की आता. चष्मा कशाला घेतलाय?" मी म्हटलं, "एवढा काय भाव खाताय?" तर उठून अंगणातच गेले. साठी आली आणि आता नखरे सुचतायत.

५ फेब्रुवारी

चहा सांडला. मी नाही, ह्यांनी. कप त्यांच्या उजव्या हाताशी ढळढळीत ठेवला होता, आणि ह्यांनी तो कोपराने ढकलला तो थेट शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर. मी ओरडले, "डोळे फुटलेत का?" एरवी मी एक बोलले तर हे दोन ऐकवतात. आज गप्प बसून फडक्याने पुसत राहिले. पुसतानाही उजवीकडचा निम्मा चहा तसाच ठेवला. पुरुषांच्या हातात फडकं दिलं की हे असं.

दुपारी हे आणि भाऊजी शहरात गेले. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, होडी नंबर नऊ. "होडीला नवा दोर आणायचाय," म्हणाले. दोर काय इथे मिळत नाही? संध्याकाळी दोघं हात हलवत परत. मी विचारलं, "दोर कुठाय?" हे म्हणाले, "चांगला नव्हता." भाऊजी म्हणाले, "दुकान बंद होतं." दोघं एकदमच बोलले. अरे, वाटेत तरी ठरवून यायचं! कुठेतरी बसून खाऊनपिऊन आले असणार.

७ फेब्रुवारी

शहरातून आल्यापासून हे नाकात थेंब घालतात. सर्दी नाही, शिंक नाही. आणि दार लावून घालतात. नाकात औषध घालायला दार कशाला लावायचं? विचारलं तर म्हणे, "तू हसशील."

९ फेब्रुवारी

धक्क्यावर नोटीस लागली. पाणथळ कार्यालयात नवे साहेब आलेत, त्यांचं फर्मान. सगळ्या होड्यांचे परवाने नव्याने द्यायचे. दहा मार्चला परीक्षा. डोळ्यांचा तक्ता वाचायचा, लव्हाळ्यांमधल्या अरुंद वाटेतून होडी काढायची आणि दहा प्राणी-पक्षी ओळखायचे. जो नापास होईल त्याचा नंबर यादीतल्या दुसऱ्याला. यादीत वीसेक जण टपून बसलेत.

मला हसूच आलं. ह्यांची परीक्षा घेणार, आणि तीही पक्ष्यांची! हे काही हसले नाहीत. संध्याकाळी एक कागद पुढे केला. "इथे सही कर. आणि तुझा एक फोटो दे." माझा कशाला, म्हटलं. "कुटुंबाची माहिती लागते." वाचायचं तर चष्मा आत, आणि इकडे दूध उतू चाललेलं. केली सही. फोटो लेकीच्या कॉलेजच्या वेळचा दिला, त्यात मी बरी दिसते.

सही करताना मनात आलं, होडी गेली तर? हा घरात बसणारा माणूस नाही. पावसाळ्यात चार दिवस फेऱ्या बंद असल्या तर स्वयंपाकघरात येऊन भांडी मोजतात. कायमचे घरी बसले तर खचून जातील, आणि मला वेड लावतील ते वेगळंच. पण असं कशाला होईल? एकतीस वर्षांत साधा ओरखडा नाही.

१३ फेब्रुवारी

नवीन खूळ. सकाळच्या पहिल्या फेरीला मी बरोबर जायचं. का? तर "सोबत". एकतीस वर्षं सोबत लागली नाही ती! मी म्हटलं, कार्यालयाचे पडदे शिवायला घेतलेत, दहा खिडक्या आहेत. "दोन तासांचा प्रश्न आहे गं. मग दिवसभर शिव." गेले.

मला पुढच्या फळीवर उजव्या कडेला बसवलं. हे मागच्या फळीवर उभे, हातात बांबू. मधे सहा पाहुणे. जरा पुढे गेलो की मागून आवाज, "हं, उजवीकडे काय?" मी सांगायचं. "कमळाच्या पानावर लांब बोटांचा पक्षी चालतोय." "कमळपक्षी. पुढे?" "खुंटावर खंड्या." "चोचीत काही?" "मासोळी." "पाण्यात काही?" "ओंडका आहे. नाही, मगर आहे!" पाहुणे खूश, त्यांना वाटतं नवरा-बायकोचा खेळ चाललाय. मला मात्र शाळेत बाकावर उभं केल्यासारखं होतं. एक गंमत, हे उजवीकडचंच विचारतात. डावीकडचं स्वतः सांगतात. बहुतेक सोपे पक्षी उजवीकडे असावेत.

१७ फेब्रुवारी

पाहुणे धक्क्यावर उतरले की रिकाम्या होडीत बांबू माझ्या हातात. "पाठ दुखते," म्हणे. आज बांबू चिखलात रुतला, होडी निघून गेली पुढे आणि मी बांबूला लटकून वर. काही क्षण लटकले, मग गुडघाभर पाण्यात बसले. हे होडीत पोट धरून हसले. किती दिवसांनी असे हसले!

धक्क्यावर भाऊजींनी माझा अवतार बघितला. "वहिनी, पोहता येतं ना अजून?" मी म्हटलं, "तुम्हाला बुडवण्यापुरतं येतं." हसायचं सोडून म्हणाले, "मग बरं झालं." यात काय बरं झालं ते त्यांनाच ठाऊक.

पण खोटं कशाला लिहू, मजा येते. तेवीस पक्षी ओळखता येतात मला. डोळे मिटून आवाजावरूनही ओळखायला लावतात. "मीट डोळे. आता कोण बोललं?" म्हटलं, जांभळी पाणकोंबडी. "किती लांब?" आता लांबी कशी ऐकायची? पण ह्यांना ऐकू येते खरी.

२० फेब्रुवारी

बाजारात लेकीचे जुने मास्तर भेटले. हात केला त्यांनी, आणि हे ढुंकूनही न बघता पुढे. मी मेल्याहून मेल्यासारखी. "अहो, मास्तर!" "कुठे?" "हे काय, तुमच्या उजव्या खांद्याशी!" मग वळले, नमस्कार वगैरे केला. घरी येताना म्हटलं, "पाहुण्यांनी फोटो काढून काढून डोक्यात हवा गेलीय तुमच्या."

घरी भाऊजी येऊन बसलेले. मी आत चहा टाकला, तर बाहेर बोलणं ऐकू आलं. "दादा, आता पुरे कर. पाहुणे घेऊन जाऊ नकोस. काही झालं तर काय करशील?" मी तशीच बाहेर आले. "का हो? यादीत तुमच्या मेव्हण्याचं नाव आहे म्हणून?" भाऊजींचा चेहरा उतरला. "वहिनी, तसं नाही." "मग कसं?" त्यांनी दादाकडे बघितलं आणि दादाने जमिनीकडे. चहा न घेता गेले. चोराच्या मनात चांदणं!

२५ फेब्रुवारी

दोन दिवस वादळी वारा. फेऱ्या बंद. शेजारचे पत्रे उडाले, आमचे टिकले. ह्यांनी भांडी मोजली. एक वाटी कमी आहे.

२६ फेब्रुवारी

वारा पडला. सकाळी पाण्यात पहिली होडी आमचीच. पाहुणे सात. त्यात एक कॅमेरावाल्या बाई, त्यांना तिरंदाजच हवा होता. तिरंदाज म्हणजे सापासारख्या मानेचा काळा पक्षी. पाण्यात बुडी मारून मासा चोचीने भोसकतो आणि मग उंच जागी बसून पंख पसरून वाळवतो. हे म्हणाले, "पंधरा मिनिटं थांबा, बाई. वळणावर एक वठलेलं झाड आहे, त्याच्या शेंड्यावर रोज सकाळी असतो. मी सांगेन तेव्हा वर बघायचं."

वळण आलं. हे मागून अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "आता उजवीकडे वर बघा. सगळ्यात उंच फांदीवर. पंख पसरलेत ना? कुणी हलू नका."

सगळ्यांच्या माना वर. माझीही. वर नुसतं आभाळ. मी डोळे चोळले, म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय. पक्षी सापडेना म्हणून झाड शोधलं, तर झाडच नाही. एक वयस्कर गृहस्थ भिडेखातर म्हणाले, "हो हो, वा!" बाई म्हणाल्या, "कुठे?" आणि मी म्हणाले, "उडाला. आत्ताच उडाला." का म्हणाले ते मलाही सांगता येणार नाही.

मग खाली बघितलं. झाड वादळाने पडलं होतं. पाण्यात आडवं, वीतभर खाली, काळं जाडजूड खोड. आणि हे होडी सरळ त्याच्यावर नेत होते, लख्ख उन्हात. मी ओरडले, "डावीकडे! अहो, डावीकडे घ्या!" त्यांनी बांबू रोवला तोवर होडी खोडावर चढली, कलंडली आणि पाणी आत आलं. गृहस्थ बाईंच्या अंगावर, बाई कॅमेरा डोक्यावर धरून. पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडली होती, ती सळकन पाण्यात उतरली. मी खोडाला पाय लावून होडी मागे रेटली. कुणी पडलं नाही, एवढंच.

येताना मी डब्याने पाणी उपसत राहिले.

२७ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. सुई. चहा. थेंब. दोर. मास्तर. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. अगं बाई, सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंस आणि तुला कळलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

हे मोरीत ताट धूत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, गप्प. हात हलवला. ह्यांनी ताट धुतलं, पालथं घातलं, वाटी घेतली. माझ्याकडे मान वळली नाही. मग मी विचारलं, "किती दिवस झाले?"

दचकले. वाटी ठेवली. म्हणाले, "उजवा गेल्या पावसाळ्यातच गेला. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं. काचबिंदू म्हणतात. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं." शहरात दोर आणायला गेले नव्हते. भाऊजी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. म्हटलं, "सात माणसं होती होडीत, मगरींच्या पाण्यात!" म्हणाले, "तू होतीस ना पुढे." मी म्हटलं, "मी म्हणजे तुमचा डोळा का? विचारलंत मला?" आणि रडले. ते ओले हात तसेच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "परवा तू उडाला म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं काहीतरी बिघडलंय. तिरंदाज उठला की आधी पाण्यावर कोसळतो, आवाज होतो. आवाज आलाच नव्हता. मला खोटं सांगत जाऊ नकोस गं. नसेल तर नाही म्हण. खोट्याच्या भरवशावर होडी नेता येत नाही."

डोळे फुटलेत का, असं म्हणाले होते मी. पाच तारखेच्या पानावर आहे. ते पान फाडायला घेतलं होतं. नाही फाडलं. म्हणाले आहे ते म्हणाले आहे.

२ मार्च

ठरवलं. परीक्षेपर्यंत होडी बंद. धक्क्यावर सांगितलं, ह्यांची पाठ धरलीय. पण परवाना जाऊ द्यायचा नाही. तक्त्यापुरतं कसंतरी निभवायचं, पुढे परवाना ह्यांच्या नावाचा आणि बांबू माझ्या हातात. कुणाचं काय जातं? हे म्हणाले, "बघू." म्हटलं, बघू काय बघू, बघायचं माझ्यावर सोडा.

बोलून गेले आणि जीभ चावली. पण हे हसले.

४ मार्च

पडदे घेऊन कार्यालयात गेले. तक्ता साहेबांच्या खोलीतच भिंतीला टांगलाय, अक्षरांचा नाही, फणीचा. तीन दातांची फणी, कुठे तोंड वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. वर एक मोठी, खाली खाली बारीक होत जातात. मी स्टुलावर चढून पडदे लावत होते आणि लांबचं मला मैलभर दिसतं. एक पडदा चार वेळा काढला नि लावला. कारकून म्हणाला, "मावशी, जमत नाही का?" म्हटलं, "चुण्या नीट पडत नाहीत." सगळ्या आठ ओळी डोक्यात घालून आणल्या. इथे उतरवते.

उजवी. वर, डावी. खाली, खाली, उजवी. डावी, वर, उजवी, खाली. पुढच्या चार ओळी शेवटच्या पानावर लिहिल्यात.

पन्नाशी उलटल्यावर कॉपी करायला शिकले. लेकीला कळलं तर फोन बंद करेल.

८ मार्च

रोज सकाळी शिकवणी. मी भिंतीला वही टेकवून उभी, हे समोर. "तिसरी ओळ?" "खाली, वर..." "खाली, खाली, उजवी!" काल येत होतं ते आज विसरतात. पक्ष्यांच्या शेपटीची पिसं मोजून सांगणारा माणूस, आणि तीन फण्या लक्षात राहत नाहीत! पुन्हा पुन्हा मलाच म्हणायला लावतात. मला झोपेतही येईल आता.

दुपारी भाऊजींच्या होडीतून तिघं जातो आणि अरुंद वाटेत हे मला बांबू मारायला लावतात, जायचं आणि यायचं, सहा-सहा वेळा. मी म्हटलं, "परीक्षा तुमची आणि फोड माझ्या हाताला!" भाऊजी खाली मान घालून हसत होते. भाऊजींशी मी अजून अबोल्यात आहे. मेव्हण्याबद्दल जे बोलले त्याची माफी मागायला हवी. जीभ उचलत नाही.

परवा परीक्षा.

१० मार्च

सकाळी नऊला कार्यालयात. बाहेरच्या बाकावर सगळे नावाडी धुतलेल्या शर्टात, लग्नाला आल्यासारखे. मी ह्यांच्या कानाशी, "उजवी. वर, डावी." हे म्हणाले, "हो गं, हो."

कारकुनाने हाक मारली, "होडी नंबर सात." हे उठले नाहीत. मी कोपराने ढोसलं. मग कारकुनाने अर्जदाराचं नाव वाचलं.

माझं.

मी बघतच राहिले. कारकून फोटोकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. "मावशी, हा फोटो तुमचाच?" ह्यांच्याकडे वळले, "हे काय?" म्हणाले, "सही तूच केलीस. घरच्या माणसाला अर्ज करता येतो. मी जबरदस्ती केली नव्हती." "मला सांगायला काय झालं होतं?" "सांगितलं असतं तर तू आली असतीस? मला नाही जमायचं म्हणून शिलाई मशीनला मिठी मारून बसली असतीस." खरंच बसले असते. "आणि तक्ता? पाच दिवस घसा फोडून शिकवलं त्याचं काय?" म्हणाले, "एवढं मन लावून शिकवत होतीस, मला मोडवेना."

बाकावरचे सगळे ऐकत होते. भाऊजी म्हणाले, "जा वहिनी." गेले.

साहेब टेबलामागे बसलेले, भिंतीला मीच शिवलेले पडदे, आणि तो तक्ता. "वाचा," म्हणाले. तोंड उघडलं आणि पहिल्या चार ओळी न बघताच जिभेवर आल्या. तिथेच गप्प झाले. मनात आलं, आता ही होडी माझी. माझ्या डोळ्यांच्या भरवशावर माणसं बसणार, हेसुद्धा बसणार. आणि पहिलंच पाऊल कॉपीवर? खोट्याच्या भरवशावर होडी नेता येत नाही, असं मोरीत उभं राहून कोण म्हणालं होतं?

म्हटलं, "साहेब, हा तक्ता मला पाठ आहे. दुसरा लावा."

साहेबांनी चष्मा काढला. "पाठ कसा?" सांगितलं सगळं, पडद्यापासून. माझे कान तापले होते. साहेब म्हणाले, "दुसरा नाही. एकच आहे." म्हटलं, "मग उलटा टांगा."

कारकुनाने खुर्चीवर चढून तक्ता उलटा टांगला. बारीक फण्या वर गेल्या, सगळ्यांची तोंडं फिरली. मी वरून सुरुवात केली, सगळ्यात बारीक ओळीपासून. एकही चुकले नाही. लांबचं मला मैलभर दिसतं, पहिल्याच दिवशी लिहिलंय.

दुपारी पाण्यावरची परीक्षा. अरुंद वाटेतून होडी काढली, एकदा लव्हाळ्याला घासली. दहांपैकी नऊ बघून सांगितले. दहाव्याच्या वेळी साहेबांनी नुसतं लव्हाळ्यांकडे बोट केलं, आतून काहीतरी ओरडलं. म्हटलं, "जांभळी पाणकोंबडी. वीस हात आत." साहेब म्हणाले, "दिसत तर नाही." म्हटलं, "दिसायला कशाला हवी?"

१५ मार्च

परवाना आला. त्यावर तोच कॉलेजच्या वेळचा फोटो. लेकीला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, "आई, मीटिंग आहे," आणि फोन ठेवला नाही.

भाऊजी आले होते. माफी काही मागता आली नाही मला. टाचण्यांची उशी आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मुकाट्याने सहा सुया ओवल्या आणि चहा पिऊन गेले.

१६ मार्च

आज पहिली फेरी. मी मागच्या फळीवर, बांबू घेऊन. हे पुढच्या फळीवर, पाहुण्यांकडे तोंड करून बसलेले. पाहुणे पाच. ह्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मंडळी, मला दिसत नाही. बघायचं काम मालकीणबाईंचं, सांगायचं माझं." पाहुणे जरा चुळबुळले. मग ह्यांनी एकेक आवाज ऐकून कोण, किती लांब, काय करतोय ते सांगायला सुरुवात केली आणि मी म्हणायचं, "आहे." पाहुणे आपोआप गप्प झाले.

वळण आलं. मी होडी डावीकडून घेतली, खोडापासून चांगली लांब. हे म्हणाले, "इथे एक वठलेलं झाड होतं. एकतीस वर्षं मी त्याच्यावर तिरंदाज दाखवला. वादळात पडलं. आता तो कधी कधी खोडावर बसतो." आणि मान किंचित वर करून मला विचारलं, "आहे का गं?"

खोड मोकळं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, "नाही."

"आज नाही," हे पाहुण्यांना म्हणाले. आवाजात जराही खंत नाही. मी बांबू उचलला. तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. "थांब. मागून येतोय."

मी मागे बघितलं. कमळांवरून काळा ठिपका येत होता, मान लांब काढून. ह्यांनी तो माझ्या आधी ऐकला होता. तो आमच्या डोक्यावरून गेला आणि खोडावर उतरला.

"बसला?"

"बसला."

"पंख?"

"अजून मिटलेलेच आहेत. थांबा. एक उघडला. आता दोन्ही."

"आता बघा," हे पाहुण्यांना म्हणाले. "उन्हाकडे पाठ केली असेल त्याने. मान आधी डावीकडे वळेल." मान डावीकडे वळली. हे त्याच दिशेला तोंड करून बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि चेहरा असा की त्यांनाच सगळ्यात चांगला दिसतोय. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ह्यांना दिसणार नव्हतं म्हणून पुसलंही नाही.

हे न वळता हळूच म्हणाले, "अगं, नाक ओढू नकोस. उडेल तो."